लाख

आज विद्यापीठाचं तिकीट निघालं.
जीपीओच्या मोठ्या हॉलमध्ये कुंड्या, खुर्च्या, दोन माईक,
त्यातला एक चालू.
पाहुण्यांनी फीत सोडली. स्थापनेचं साल
भाषणांतून चारदा आलं, चारदा टाळ्या.
मी खिडकीत बसून ताव मोजत होते :
एका तावात पंचेचाळीस इमारती,
मधून भोकांच्या रांगा,
हलक्या हातानं ओढलं की सुटतात.

साहेब म्हणाले, पहिल्या दिवसाचा शिक्का
तुम्हीच मारा मॅडम, तुमचा हात नेमका पडतो.

हात माझा नाही. उरकुडा नंदेश्वरचा आहे.
शिपाई, परीक्षा विभाग, छत्तीस वर्षं.

मे महिन्यात, सगळं नागपूर ओल्या खसखशीच्या ताट्या लावून पडलेलं असताना
माझा बाप पंखा बंद करून बसायचा,
कारण पंख्यानं मेणबत्ती विझते
आणि मेणबत्ती विझली की लाख अडून बसते.
मांजरपाटात बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे,
दाभण, सुतळी, गाठ,
गाठीवर लाखेचा थेंब, थेंबावर पितळी मोहोर.
मग सायकलच्या कॅरिअरवर लादून
याच इमारतीत, याच पायऱ्यांनी वर,
रजिस्टर्ड पार्सलं.
कुठला गठ्ठा कुणाच्या दारी तपासायला जातो
ते पत्ते त्याला पाठ होते.
तोंडातून मात्र गावाचं नावसुद्धा निघायचं नाही.

शिकला होता चौथी.
म्हणायचा, "विद्यापीठ सुरू झालं तवा
पयले काय आणलं असन, सांग बरं?
दगड नाई, बाई. पुस्तकंबी नाई.
सुतळी."

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझा अर्थशास्त्राचा पेपर
त्याच्या दाभणाखालून गेला.
केंद्राचा नंबर वाचून त्याला कळलं होतं.
नऊ मार्कांनी राहिले मी.
"कुणाकडे गेला ते ठाऊक होतं ना तुम्हाला?
एक शब्द टाकला असता."
तो भाजलेल्या बोटांना खोबरेल लावत होता,
रोजच्यासारखा. मान वर न करता म्हणाला,
"लाख काय गठ्ठ्यालेच लावतात का?"

पोळा गेला, दुसऱ्या दिवशीची मारबत गेली,
दिवाळी आली. मी बोलले नाही त्याच्याशी.
डबा तेवढा भरून द्यायचे.
तो मुकाट न्यायचा,
संध्याकाळी घासून आणायचा.

पावणेचारला घाटोळे सर आले, जुने संग्राहक,
सदऱ्याच्या खिशात कायम भिंग.
ताव उजेडाकडे धरला, आणि धरूनच राहिले.
"मॅडम, हे बघा. दुसरी ओळ, डावीकडून चौथं.
मागच्या दाराशी काळा ठिपका. छपाईचा दोष.
बाकी चव्वेचाळिसांत नाही."

मी भिंगातून पाहिलं.
दार होतं. ठिपका होता,
थोडा वाकलेला, एका अंगाला जड,
सायकल भिंतीला टेकवून
कुणी गठ्ठ्याची दोरी आवळत असावं, तसा.
किंवा नुसती शाई.

"तुम्हीच ठेवून द्या," सर म्हणाले,
त्यांना जड गेलं ते म्हणायला.
"दहा वर्षांनी हजारांत जाईल."

रांगेत नंबर त्यांचा होता.
मी भोकांच्या रेघेवर घडी घातली,
चारी बाजू सोडवल्या, एकही दात न तोडता,
आणि तिकीट जाळीखालून पुढे सरकवलं.
पाच रुपये, म्हटलं.
सुटे असतील तर बघा.